वायपरखालची जाळी कोणी उघडून बघतं का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत पावसाळ्यात गाडीची काळजी कशी घ्यावी यावर पानभर लेख आला होता. टायर बघा, वायपरचं रबर बदला, ब्रेक तपासा, साचलेल्या पाण्यात गाडी घालू नका, घातलीच आणि बंद पडली तर परत स्टार्टर मारू नका. सगळं बरोबर आहे, तक्रार काही नाही, पण पाणी फक्त रस्त्यावरून येतं असंच लेखकानं धरलेलं दिसलं. वरून पडलेलं पाणी बंद काचांच्या गाडीत कसं शिरतं आणि ते शोधताना माणसाचं काय होतं यावर एक ओळ नाही. मी ह्या विषयात नुकतीच पीएचडी करून बसलोय, दीड महिना गेला, साडेचार हजार गेले, घरात बोलणी खाल्ली ती वेगळी, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कात्री लावायची तर लावा पण तांब्याचा भाग तेवढा ठेवा.

आधी माझी लाज सांगून टाकतो. मी भोसरीत एकतीस वर्षं नोकरी केली, गाड्यांचे रबरी पार्ट बनवणाऱ्या कंपनीत, त्यातली शेवटची बारा वर्षं क्यूसीत, म्हणजे माल तपासून पास करायच्या खात्यात. दाराच्या कडेची रबरी पट्टी म्हणजे बीडिंग, वायरी जातात त्या भोकांतली रबरी कडी म्हणजे ग्रोमेट, नळ्या हे सगळं हातातून गेलेलं. गाडी लाईनवरून उतरली की तिला शॉवर टेस्टमधून काढतात, चारी बाजूंनी पाण्याचे फवारे मारतात आणि मग आत हात घालून थेंब शोधतात, हे मी चाकणला डोळ्यांनी बघितलेलं आहे. असा माणूस मी. आणि माझ्याच गाडीतलं पाणी मला सहा आठवडे सापडलं नाही.

गाडी साधी हॅचबॅक, नऊ वर्षांची. सहकारनगरला सोसायटीत उभी असते, शेडचं पार्किंग नशिबात नाही, वर गुलमोहर. गेटमधून आत चढ आहे त्यामुळे गाडी रात्रभर नाक वर करून उभी राहते, ही गोष्ट लक्षात ठेवा, मी ठेवली नव्हती.

सुरुवात काचांपासून झाली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी गाडी उघडली की काचा आतून धुरकट, फडक्यानं पुसल्या की पाच मिनिटांत परत तेच. म्हटलं पावसाळा आहे, होणारच. मग वास यायला लागला, ओलं गोणपाट कोपऱ्यात पडलेलं असावं तसा. मी डॅशबोर्डवर अत्तराची डबी चिकटवली, म्हणजे आता गोणपाट आणि मोगरा असा मिश्र वास. आणि मग एका शनिवारी नात मागं बसली, बूट काढून पाय खाली टाकले आणि म्हणाली आजोबा, गाडीत डबकं आहे. मोजे पिळले तर पाणी निघालं. मागच्या डाव्या सीटसमोर. वरून कार्पेट नुसतं दमट वाटत होतं, बोटानं दाबलं तर बुडबुडे आले. कार्पेटच्या खाली जाड फोम असतो, तो स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो आणि वर कळू देत नाही, म्हणजे तुम्हाला ओल लागते तेव्हा खाली लिटरभर तरी साठलेलं असतं.

मागचं डावं दार, म्हणून मी मागच्या डाव्या दाराच्या मागं लागलो. इथंच पहिली चूक. जवळच्या गॅरेजवाल्यानं दार उघडलं, बीडिंगवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, काका रबर बसलंय, बदलून टाकू. चोवीसशे रुपये. मीही मान डोलावली, मी, ज्यानं आयुष्यभर पोरांना व्हाय-व्हाय करायला शिकवलं, की पार्ट बदलायच्या आधी पाच वेळा का विचारा. एकदाही विचारलं नाही.

तीन दिवसांनी पाऊस झाला आणि डबकं जागेवर. परत गेलो तर त्यानं सिलिकॉनची ट्यूब काढली आणि दाराच्या खालच्या कडेला जिथं जिथं फट दिसली तिथं भरली, वर काचेच्या कडेनंही एक रेघ ओढली, सातशे रुपये. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर दारात पाण्याचा आवाज, नारळ हलवल्यासारखा. आता हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो, दाराच्या पत्र्यात पाणी शिरणं हा दोष नाही, ते शिरायलाच हवं. काच आणि बाहेरचं रबर यांच्यामधून पाऊस दाराच्या पोटात उतरतो, आतल्या बाजूला प्लास्टिकचा एक पडदा चिकट टेपनं लावलेला असतो तो पाणी केबिनमध्ये येऊ देत नाही, आणि दाराच्या तळाला भोकं असतात त्यातून ते बाहेर पडतं. आमच्या गृहस्थांनी नेमकी ती भोकंच बुजवली होती. टूथपिकनं मी ती एकेक करून उघडली, अर्धी बादली पाणी निघालं. कोणी स्पीकर बसवायला किंवा काचेची मोटर दुरुस्त करायला दार उघडलं आणि तो पडदा नीट परत चिकटवला नाही तर दाराकडून खरंच पाणी आत येतं, पण माझं दार कोणी कधी उघडलेलं नव्हतं. आणि हो, काचेजवळ सिलिकॉन कधीच मारून घेऊ नका, पुढची काच ज्या गोंदानं बसवतात तो सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी नीट धरत नाही, उद्या काच बदलायची वेळ आली की हीच रेघ नडते.

मग सर्विस सेंटर. मे महिन्यात तिथंच चौदाशे नव्व्याण्णव भरून पावसाळी चेकअप केला होता, चाळीस पॉइंटचा, चाळीसही ठिकाणी हिरवी टिक. तिथला पोरगा चांगला होता, सर सर करत होता, पण गाडी दिवसभर ठेवून संध्याकाळी फोन आला की सर आम्हाला लीकेज सापडलं नाही, पुढची काच काढून परत बसवून बघू, नऊ हजार होतील. बघू म्हणजे काय? म्हटलं तुम्ही पाणी मारून बघितलं का, तर म्हणे वॉशिंगला लावली होती सर, वॉशिंगला पाणी आलं नाही. वॉशिंग रॅम्पवर गाडी सपाट, पाच मिनिटं पाणी, ते पण प्रेशरनं, आणि इथं रात्रभर रिपरिप. गाडी घेऊन आलो.

त्या रात्री चिडून जुनी डायरी काढली आणि कंपनीत करायचो तसं लिहायला बसलो. पहिला प्रश्न, हे पाणी पावसाचं आहे का एसीचं. एसी हवेतला दमटपणा ओढतो, त्याचं पाणी एका नळीतून गाडीखाली पडतं, ती नळी मातीनं तुंबली तर तेच पाणी डॅशबोर्डखालून पायात येतं, आणि पुण्याच्या पावसाळी हवेत ते काही कमी नसतं. ओळखायचं सोपं आहे, पंधरा-वीस मिनिटं एसी लावून गाडी उभी करा आणि खाली वाकून बघा, टपटप पाणी पडत असेल तर नळी मोकळी. माझी पडत होती. शिवाय चार दिवस एसी लावलाच नाही तरी डबकं वाढलं. म्हणजे पावसाचं. (तिसराही प्रकार असतो, पाणी बोटाला बुळबुळीत लागतं, रंगीत असतं, गोडसर वास येतो आणि काचेवर तेलकट वाफ धरते, ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, हीटरच्या जाळीतून गळतंय समजा. चाखून बघू नका, विषारी असतं, आणि गाडी तशीच चालवत राहू नका.)

दुसरा प्रश्न, पाणी आधी कुठं येतं. इथं संपादक साहेब तुमचा पेपर कामाला आला. सीट काढायची हिंमत तेव्हा नव्हती, पण दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी उचकटली की कार्पेटची कड वर येते, तिथून आत जेवढा हात जाईल तेवढा पेपर पसरला, पुढून मागंपर्यंत, दोन्ही बाजूंना, पानावर पेननं जागा लिहून. पुरवणीचा कागद लगेच पाणी पितो त्यामुळे त्यासाठी तोच चांगला. दारांच्या बीडिंगवर टाल्कम पावडर मारली, पाणी तिथून आलं तर पावडरीत ओघळ दिसतो. रात्री पाऊस आला. सकाळी सहाला लुंगीवरच खाली. चारी दारांची पावडर जशीच्या तशी, कोरडी. आणि पेपर? मागचा डावा भिजलेला, ते अपेक्षितच, पण पुढच्या डाव्या बाजूचं पान वरच्या कडेला ओलं होतं, अगदी डॅशबोर्डखाली, आणि तिथून एक पट्टा उंबऱ्याकडेनं मागं गेलेला, वायरी जातात त्या खोबणीतून. पाणी पुढं पडत होतं आणि सोसायटीच्या उतारावरून गाडीच्या आतल्या आत मागं जाऊन साठत होतं. नाक वर. मी दीड महिना डबक्याला दार विचारत होतो.

आता तांब्या. पाईप लावून शॉवर टेस्ट करावी असा विचार होता, पण आमचे सेक्रेटरी वरून बघतात, आणि ते बरोबरच आहे, उन्हाळाभर टँकर मागवणाऱ्या सोसायटीत पाईप घेऊन गाडीला आंघोळ घालणारा म्हातारा कोण खपवून घेईल. म्हणून एक बादली आणि तांब्या. खरं सांगू, तांब्याच बरा पडला. पाईपनं पाणी सगळीकडे उडतं आणि मग कुठून आलं ते कळत नाही. नियम एकच, खालून वर जायचं, आणि एका जागी पाणी घातलं की थांबायचं. वरून सुरू केलं तर पाणी ओघळत सगळ्या जागांवरून जातं आणि परत घोळ. सौ. आत बसली टॉर्च घेऊन, ग्लोव्हबॉक्सखाली डोकं घालून, मी बाहेर. आधी दाराच्या खाली चार तांबे. काही नाही. मग दाराची वरची कड. काही नाही. आरशाजवळ, काचेच्या डाव्या कडेला, काही नाही, आतून आवाज आला की अहो माझी मान गेली. मग बॉनेट आणि काच यांच्यामध्ये वायपरखाली जी काळी प्लास्टिकची जाळी असते तिथं उजव्या बाजूला दोन तांबे ओतले, दोन-तीन सेकंदांत पुढच्या चाकाच्या मागून धार लागली, छान. तेच डाव्या बाजूला केलं. चाकामागं एक थेंब नाही. तिसरा तांबा ओतला, पाणी जाळीतच उभं राहिलं, मला दिसत होतं, चहाच्या गाळणीत पावडर तुंबली की चहा उभा राहतो तसं. चौथा ओतला आणि आतून ओरडली, "आलं! अहो आलं, माझ्या डोक्यावर आलं!"

ब्लोअर बाहेरची हवा त्याच जाळीखालून ओढतो, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत डाव्या बाजूनं. जाळीखाली पन्हाळ असते, तिच्या दोन्ही टोकांना पाणी उतरायला वाट असते. ती वाट तुंबली की पन्हाळीत पाणी चढतं आणि हवेच्या तोंडातून सरळ ब्लोअरमध्ये सांडतं, तिथून पायात. ग्लोव्हबॉक्स उतरवून एसीचा फिल्टर ओढला तर तो हातात वाकला, ओल्या टोस्टसारखा, आणि त्याच्या घड्यांत गुलमोहराची पानं, बारीक, तांदळाच्या दाण्याएवढी, काळी पडलेली. गुलमोहराच्या एका फांदीला अशी शेकडो पानं असतात, जाळीच्या कुठल्याही भोकातून जातात. मूळचं मादागास्करचं झाड, आम्ही कौतुकानं सोसायटीच्या पत्त्यात लिहितो, गुलमोहराजवळ.

वायपरचे दोन नट खोलले, जाळी काढली (जुन्या प्लास्टिकच्या क्लिपा दोन मोडल्या, दहा-दहा रुपयांना मिळतात), आणि डाव्या कोपऱ्यात हात घातला. खत. अक्षरशः खत निघालं, दोन ओंजळी, त्यात एक गांडूळ आणि वीतभर पिंपळाचं रोप, मुळं नळीत उतरलेली. नळीच्या तोंडाला रबराची चोच असते, पाणी जावं आणि धूळ येऊ नये म्हणून, ती पानांनी गच्च. असल्याच रबरी चोची मी कंपनीत हजारोंनी पास केल्यात. सौ. म्हणाली तुमचाच पार्ट असेल. असेलही.

दुरुस्तीचा खर्च शून्य, वाळवायचा व्याप मोठा. नुसतं ऊन दाखवून फोम वाळत नाही, आणि जुलैत ऊन तरी कुठलं. शेवटी ओळखीच्या फिटरला बोलावून पुढची डावी सीट काढली. हे घरी करणाऱ्यांनी आधी बॅटरीची वायर काढा आणि थोडा वेळ थांबा, सीटखाली पिवळं कनेक्शन असेल तर ते एअरबॅगचं असतं, चालू बॅटरीवर ते ओढू नका. कार्पेट उचललं तर पत्र्यावर पाणी, सीटच्या बोल्टला गंजाचा तांबूस रंग, आणि वायरींचं एक जोडणीचं खोकं पाण्यापासून चार बोटांवर. म्हणजे अजून एक पावसाळा गेला असता तर डॅशबोर्डवर दिवाळी लागली असती आणि मग कुठल्या गॅरेजला काय सापडलं असतं देव जाणे. तळाच्या पत्र्यात रबरी बुचं असतात ती काढून पाणी सोडलं, फोमखाली विटांचे तुकडे ठेवून टेबलफॅन तीन दिवस चालू. लाईटबिल माझ्याकडे आहे, सोसायटीच्या मीटरवर लावला नव्हता, हे सेक्रेटरींसाठी.

भाच्याची गोष्टही सांगतो कारण आता सगळ्यांना सनरूफ हवा असतो. बाणेरला राहतो, दोन वर्षांची गाडी, छताच्या दिव्यातून पाणी टपकायला लागलं. त्याला वाटलं सनरूफचं रबर गेलं. सनरूफचं रबर सगळं पाणी अडवत नसतंच, थोडं आत येणार हे धरूनच खाली पन्हाळीची चौकट असते आणि तिच्या कोपऱ्यांतून नळ्या खांबांमधून खाली उतरतात. त्या तुंबल्या की चौकट भरते आणि पाणी छताच्या कापडातून येतं. यानं व्हिडिओ बघून लोखंडी तार घातली, नळी आत जोडावरून निसटली, मग छताचं कापड उतरवावं लागलं. तार नाही, जोरात हवाही नाही, गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी हळूहळू फिरवत घालायची आणि कपभर पाणी ओतून चाकांजवळ उतरतंय का बघायचं. डिकीत पाणी असेल तर स्टेपनीचा खड्डा उघडा, मागच्या दिव्यांमागची रबरी गॅस्केट आधी तपासा, तिथून पुष्कळदा येतं.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी मात्र ओल दिसली की मी सांगितलेल्या गोष्टींवर विसंबून विकणाऱ्याचं "पान अडकलं असेल हो" मान्य करू नका. सप्टेंबर 2019 ला आंबिल ओढ्याच्या पुरात आमच्याच भागात गाड्या वाहून गेलेल्या बघितल्यात, जुलै 2024 ला सिंहगड रोडला एकतानगरीत पार्किंगमध्ये पाणी होतं. पुरातली गाडी धुऊन पुसून बाजारात येऊ शकते. सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून बघा, जो भाग कायम गुंडाळलेला असतो तिथं गाळाची रेघ राहते, ती सहसा कोणी धुवत नाही.

आता मुद्दा. ज्या सर्विस सेंटरनं चाळीस टिका मारल्या त्यांना परत जाऊन भेटलो, भांडायला नाही, ओंजळभर खत पिशवीत घालून. म्हटलं ही एकेचाळिसावी टिक. त्यांच्या मॅनेजरनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले सर कंपनीच्या चेकशीटमध्ये जाळी काढायचा पॉइंट नाही, आम्ही आमच्या मनानं घालू शकत नाही. हे मला कळतं, मीही चेकशीटचा माणूस. पण काढू नका ना, एक जग पाणी डावीकडे ओता, एक उजवीकडे, चाकामागं बघा, एक मिनिटाचं काम आहे. प्रभात रोड, सहकारनगर, कोथरूड, जिथं जिथं गाड्या झाडाखाली उभ्या राहतात तिथल्या गाड्यांना अत्तराचा स्प्रे आणि पॉलिशपेक्षा ह्याची गरज जास्त आहे. गाड्या ह्याच जिल्ह्यात बनतात, चेकशीट लिहिणारे निम्मे लोक इथंच राहतात, त्यांच्यातला एखादा तुमचा पेपर वाचत असेलच. आणि पुढच्या वर्षी असा लेख छापाल तर मे महिन्यात छापा, जुलैत छापून आमच्यासारख्यांच्या जखमेवर मीठ नको.

झाड तोडायचा अर्ज द्या असं सोसायटीत दोघांनी सुचवलं, त्यांना मी तांब्या दाखवला. दर रविवारी सकाळी जाळीवरची पानं हातानं उचलतो, दोन तांबे ओततो. कार्पेटखालचा पेपर मुद्दाम तसाच ठेवलाय. परवा रात्री चांगला झोडपला पावसानं, सकाळी काढून बघितला, डाव्या बाजूचा, कोरडा ठणठणीत. त्यात गेल्या महिन्यातलं शब्दकोडं अर्धं राहिलं होतं, ते गाडीतच बसून पुरं केलं.

आपला,
एक जुना वाचक
सहकारनगर, पुणे